बुकिंगची तारीख आणि गाडीची पाळी

खताचा रेक लागला म्हणजे मागेल त्याला मागेल तितक्या गोण्या मिळतात, असे तळोद्यातील एकही कृषी सेवा केंद्रचालक मानत नाही. कोणाच्या वाट्याला किती माल यायचा, हे मागील हंगामातील उचल, रक्कम भरण्याची तयारी आणि त्या वेळची टंचाई यांवर ठरते, हे त्याला ठाऊक असते. हा हिशेब तोंडपाठ असलेला आपला व्यापारी बंधू मोटारीच्या शोरूममध्ये पाऊल टाकताच मात्र तो विसरून जातो. अनामत भरली, पावती हाती आली, म्हणजे आपला क्रमांक लागला, अशी त्याची समजूत होते. क्रमांक लागतो हे खरे. परंतु तो कोणत्या रांगेत लागला, हे त्या पावतीवर क्वचितच लिहिलेले असते.

कारखान्याचा व्यवहार थेट ग्राहकाशी नसतो. महिन्याचे उत्पादन किती, त्यात डिझेल किती, पेट्रोल किती, कोणते मॉडेल किती, हे आधी ठरते आणि त्यातून डीलरांना वाटे पडतात. ज्याची विक्री मोठी आणि ज्याच्याकडे नोंदणी अधिक, त्याचा वाटा साधारणतः मोठा. शिवाय डीलरला गाडीचे पैसे बहुधा स्वतःच्या बँक मर्यादेतून आधी मोजावे लागतात. म्हणून लहान गावचा डीलर चटकन खपणारे मॉडेल आणि नेहमीचे रंग यांनाच पसंती देतो. त्यात त्याचा दोष नाही. आपणही दुकानात न खपणारे कापड भरून ठेवत नाही. याचा परिणाम असा की, एकाच दिवशी बुकिंग केलेल्या दोघांपैकी पांढरी, मधल्या किमतीची गाडी मागणाऱ्यास ती महिन्यात मिळते आणि विशिष्ट रंगाची, वरच्या श्रेणीची गाडी मागणारा सहा महिने फोन करीत राहतो. रंग बदलणे कारखान्याला खर्चाचे असल्याने एका रंगाच्या गाड्या शक्यतो सलग काढल्या जातात. कमी मागणीच्या रंगाची खेप कधी निघेल, हे डीलरलाही नेमके सांगता येत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही प्रतीक्षा नवी नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून निघणाऱ्या चेतक स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत. किती स्कूटर बनवाव्यात याला परवान्याची मर्यादा होती आणि त्या कशा वाटाव्यात यासाठी १९६० चा सरकारी नियंत्रण आदेश होता. काही गाड्या सरकारी वाटपासाठी राखीव असत, आणि परदेशातील नातेवाईक परकीय चलनात किंमत भरू शकत असेल त्याला रांग जवळजवळ लागतच नसे. गाडी हाती आली की ती मूळ किमतीहून अधिक दराने खपे. ‘ऑन’ हा शब्द आपल्या बाजारात त्या काळी स्कूटरसाठी किती सर्रास वापरला जाई, हे साठी ओलांडलेल्या कोणत्याही व्यापाऱ्यास विचारावे. १९८५ मध्ये वाळूजचा कारखाना सुरू झाला, स्पर्धक आले, आणि ती रांग हळूहळू विरली.

आजची रांग परवान्याची नाही, परंतु अग्रक्रमाचे तत्त्व तेच आहे. ३० जुलै २०२२ रोजी महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एन या चाकणला बनणाऱ्या गाडीचे बुकिंग सुरू झाले आणि अर्ध्या तासात एक लाख नोंदी झाल्या. प्रास्ताविक किंमत होती ती फक्त पहिल्या पंचवीस हजारांना. उरलेल्यांनी गाडी मिळताना जी किंमत असेल ती द्यावयाची. सप्टेंबरअखेर गाड्या देण्यास सुरुवात झाली तेव्हा सर्वांत वरच्या झेड-एट-एल श्रेणीला अग्रक्रम राहील, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. म्हणजे अकरा वाजून एका मिनिटाने खालची श्रेणी नोंदवणारा मागे राहू शकत होता आणि दहा मिनिटांनी वरची श्रेणी नोंदवणारा पुढे जाऊ शकत होता. यात लबाडी नाही. अट उघड होती. आपण ती वाचतो का, एवढाच प्रश्न. त्याआधीच्या वर्षी एक्सयूव्ही-७०० च्या बाबतीतही पेट्रोलच्या गाड्या आधी आणि डिझेलच्या त्यानंतर दिल्या गेल्या. त्या दिवसांत सेमीकंडक्टर चिपच्या जागतिक टंचाईने सर्वच कारखान्यांचे वेळापत्रक कोलमडले होते.

तळोद्याच्या माणसापुढे आणखी एक पर्याय असतो. हातोड्याचा पूल ओलांडून नंदुरबार, नाहीतर शहादा किंवा धुळे; आणि ओढ असते ती सुरतेची, कारण तेथे डीलर मोठे आणि त्यांचा वाटाही मोठा. एका डीलरकडे नसलेली गाडी दुसऱ्याकडे तयार उभी असणे सहज शक्य आहे, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करणे शहाणपणाचेच. परंतु सुरत म्हणजे गुजरात. तेथून घेतलेली गाडी तात्पुरत्या नोंदणीवर आणून महाराष्ट्रात कायम नोंदवावी लागते आणि रस्ता कर येथे भरावा लागतो. उलट धुळे, नाशिक वा पुण्याहून घेतली तर ती अडचण नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने राज्यातील कोणत्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करण्याची मुभा दिली आहे. वाचलेले दोन महिने आणि वाढलेली धावपळ यांचा मेळ ज्याने-त्याने घालावा.

बुकिंग करताना विचारण्याचे प्रश्न मोजकेच, पण ते लेखी विचारावेत. आपल्या नेमक्या मॉडेलची आणि रंगाची किती बुकिंगे आपल्यापुढे आहेत? गेल्या तीन महिन्यांत त्या प्रकारच्या किती गाड्या या डीलरकडे आल्या? रंग बदलण्याची तयारी दाखवल्यास तारीख किती पुढे येते? अनामत परत मिळण्याची अट काय? ‘लवकरच येईल’ हे उत्तर नव्हे. घाई करायची असेल तर विमा किंवा जोडसामान आमच्याकडूनच घ्या, असे कोणी सुचवले, तर विमा कोठून उतरवायचा हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे, हे नम्रपणे सांगावे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने विलंबाची खरी किंमत वहीत उमटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी व मालवाहू वाहने यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी बुकिंग करून गाडीची वाट पाहणाऱ्यांची पाळी नंतर आली आणि ते फायद्यात राहिले; पण दर नेहमी उतरतातच असे नाही, आणि कंपनीची किंमतवाढही बहुधा बिलाच्या दिवशीच लागते. मालवाहू पिकअप व्यवसायासाठी घेतली तर भरलेल्या कराची वजावट मिळते. घरच्या वा पेढीच्या प्रवासी मोटारीवर ती सर्वसाधारणपणे मिळत नाही. घसाऱ्याचे गणितही असेच. वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलेल्या वाहनावर निम्माच घसारा धरता येतो. दहा लाखांच्या पिकअपवर १५ टक्क्यांप्रमाणे दीड लाख होतात. गाडी ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वापरात आली नाही, तर त्या वर्षी पंचाहत्तर हजार. उरलेला घसारा पुढील वर्षांत मिळतो, बुडत नाही, तरी त्या वर्षीचा कर मात्र वाढतो. दिवाळीच्या मुहूर्तावर गाडी आणणाऱ्याने ही गोष्ट आपल्या सीएला उन्हाळ्यातच विचारून ठेवावी, कारण बुकिंग करण्याची वेळ ती असते.