बेत आणि शिवण – भाग ७ : रेघ

गेल्या आठवड्यात रंग झाला, आज रेघ. सोनपेठच्या बाजारात ब्लाऊजपीस किंवा ड्रेसचं कापड घ्यायला आलेल्या बायकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "उभ्या रेघांचं दाखवा, आडव्यानं अंग भरल्यावानी दिसतं." दुकानदार मान डोलावतो, शिलाईवालाही तेच सांगतो. समज इतका पक्का आहे, की आधी त्याचाच निकाल लावावा लागेल.

हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ. डोळा कसा पाहतो यावरचा त्याचा मोठा ग्रंथ 1867 साली पूर्ण झाला. त्यात त्यानं दोन सारखेच चौकोन दाखवले, एकात आडव्या रेघा, दुसऱ्यात उभ्या. आडव्या रेघांचा चौकोन उंच नि अरुंद दिसतो, उभ्या रेघांचा रुंद. बायकांच्या आडव्या पट्ट्यांच्या झग्यांचाही त्यानं तिथेच दाखला दिला होता. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या आकृत्या घेऊन हे पुन्हा तपासलं. 2011 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो हे काही सिद्ध झालं नाही. म्हणजे आडव्या रेघेला घाबरून आवडतं कापड परत ठेवायचं कारण नाही.

मग रेघ करते तरी काय? ती नजरेला वाट दाखवते. नजर रेघेवरून धावते आणि रेघ जिथे संपते तिथे थांबते. जिथे थांबली, ती जागा ठळक होते. बाहीची किनार छातीच्या बरोबर रेषेत आली, तर नजर एका दंडापासून दुसऱ्या दंडापर्यंत सरळ जाते आणि छाती आहे त्याहून रुंद भासते. तीच बाही तीन बोटं वाढवून कोपराकडे नेली की परिणाम बदलतो, कापड तेच असलं तरी. कुर्त्याचा घेर मांडीच्या सगळ्यात भरलेल्या जागी संपवला की हाच घोटाळा. त्यामुळे रेघ कुठे संपणार हे आधी ठरवावं, उभी का आडवी हे नंतर. शिवाय रेघ म्हणजे नुसते छापील पट्टे नव्हेत. शिवण ही रेघ, काठ ही रेघ, निरीची घडी हीसुद्धा रेघच.

आता आपल्याकडच्या लुगड्याकडे वळू, कारण रेघेचा याहून चांगला धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा. ताण्यात रंगीत धागे घातले की कापडाच्या लांबीभर पट्टे उठतात, बाण्यात घातले की रुंदीत, दोन्हीकडे घातले की चौकडी. लुगड्याचा काठ ताण्यातला, म्हणजे मागावर तो लांबीच्या दिशेनं जातो. पण लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, की मागावरची ही उभी रेघ पायांपाशी आडवी होते. पुढे तोच काठ कमरेवरून निघून छातीवर तिरपा चढतो, आणि खांद्यावरून मागे सोडला की सरळ खाली लोंबतो. एकच रेघ, कुठेही न कापता, एका अंगावर आडवी, तिरपी आणि उभी. साडी इतक्या वेगवेगळ्या बांध्यांच्या बायकांना शोभते, त्याचं मोठं श्रेय मी छातीवरच्या त्या तिरप्या रेघेला देते. ती दोन्ही खांद्यांना सारखं मापून दाखवत नाही.

नऊवारीत तर याहून पुढची गंमत आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. पुढच्या निऱ्या पायांतून मागे नेऊन खोचल्या, की काठ पोटरीवर वळसा घेतो आणि पाठीमागे मधोमध वर चढतो. पाय वेगळे दिसतात, चाल दिसते. शेतात वाकणाऱ्या, खुरपणाऱ्या बाईचं लुगडं आखूड नेसलेलं असतं. तिथे तो काठ पोटरीच्या वर येतो आणि खालचा सगळा पाय मोकळा राहतो. डोक्यावर पदर घेतला, की तोच काठ चेहऱ्याची चौकट होतो. ही सगळी मांडणी नेसणारीच्या हातात असते. शिवलेल्या कपड्यात ती शिवणाऱ्याच्या हाती जाते.

मराठवाड्यातल्या आज्यांनी जन्मभर नेसलेलं इरकल घ्या. ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला विणलं जातं. त्याचं अंग कधी एकरंगी, कधी बारीक चौकडीचं. चौकडी इतकी बारीक, की दहा पावलांवरून रेघा दिसतच नाहीत, दोन रंग मिसळून तिसराच रंग दिसतो. रेघ बारीक होत गेली की ती रेघ राहत नाही, पोत होते. पदर मात्र लांबूनही ओळखू येतो. लाल भुईवर पांढरे दाते, म्हणजे टोप-तेणी. हा पदर मागाहून जोडलेला नसतो. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात, आणि विणकर एकेक धागा फासात अडकवून ते मागावरच जोडतो. म्हणून ताणा एकेका लुगड्यापुरता बांधावा लागतो. अंग संपून पदर सुरू होतो ती रेघ एवढी स्वच्छ दिसते, ती या कष्टामुळे. आजीचं इरकल घरात असेल तर पदराजवळ उलटं करून पाहा, सांध्याचे फास बोटाला लागतील.

आता शिलाई. पट्ट्यांच्या कापडाचा ब्लाऊज नेहमी फसतो तो टक्सपाशी. टक्स घातला की मधलं कापड घडीत जातं, त्याच्याबरोबर रेघही, आणि दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना भेटत नाहीत. कटोरी ब्लाऊजात पुढचा भाग तुकड्यांचा असल्यानं हे जास्तच. मुंढ्यापासून छातीवरून कमरेपर्यंत शिवण येणारा प्रिन्सेस कट पट्ट्यांना त्यातल्या त्यात बरा. तिथे शिवणच रेघ होते आणि मोडलेले पट्टे तिच्या आड झाकले जातात. माझं मत विचाराल तर ठळक पट्ट्यांच्या कापडाला साधा, कमी तुकड्यांचा बेतच द्यावा. आधीच रेघ बोलतेय, तिच्यावर आणखी दहा शिवणींची गर्दी कशाला?

तिरप्या रेघेसाठी शिंप्यांकडे जुनी युक्ती आहे, उरेब. कापड ताण्याला नि बाण्याला धरून न कापता पंचेचाळीस अंशांत कापायचं. उरेब कापड ओढलं की लवचिक होतं, म्हणून गळ्याची पट्टी उरेबच घेतात. ती गोलाकार वळते, सुरकुतत नाही. पट्ट्यांच्या कापडाची उरेब पायपिंग काढली तर गळ्याभोवती तिरप्या रेघांची बारीक ओळ फुकटात मिळते. चुडीदार पोटरीला चिकटून बसतो तोही उरेब कापल्यामुळेच, आणि घोट्याशी जास्तीची लांबी साठून ज्या चुड्या पडतात, त्या आडव्या रेघा कापडात नसतात, अंगावर तयार होतात. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने हिनं 1920च्या दशकात अख्खे झगे उरेब बेतून नाव कमावलं.

उरेबला कापड जास्त लागतं, हे मात्र दुकानातच लक्षात ठेवा. पट्टे किंवा चौकडी जुळवायची असेल तरी तेच. नक्षी दर दोन इंचांनी फिरून येत असेल, तर प्रत्येक मोठ्या तुकड्यामागे तेवढं जास्तीचं कापड धरावं. घडी घालून खडू लावण्याआधी वरच्या आणि खालच्या पदराच्या रेघा टाचणीनं एकीवर एक बसवाव्यात. खालचं कापड अर्धा इंच जरी सरकलं, तर बगलेची शिवण कितीही सरळ मारा, रेघ तुटलेलीच दिसणार.

पुढच्या आठवड्यात पोत : खादी, खण आणि सिंथेटिक एकाच उन्हात वेगवेगळे का दिसतात ते.