शुगरवाल्यांच्या डोळ्यांचा फोटो आणि मशीनची शिकवणी

शुगर असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होतात. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसणंही कमी होत नाही. म्हणून आपल्या वस्त्यांत "मला तर नीट दिसतं" म्हणत तपासणी टाळली जाते. त्रास जाणवतो तोवर उशीर होतो, आणि गेलेली नजर बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही.

आता या पडद्याचा फोटो काढून तो कॉम्प्युटरकडून तपासून घेण्याची पद्धत आली आहे. उद्या शिरपूरच्या एखाद्या शिबिरात असं मशीन आलं, तर त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा? त्यासाठी ते शिकतं कसं, हे समजून घेऊ.

नांदेडचे ५१६ फोटो

उदाहरण आपल्या जवळचंच आहे. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी तिथल्याच एका नेत्र दवाखान्यात काढलेले ५१६ फोटो २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासकांसाठी खुले केले. 'आयडीआरआयडी' या नावाने ते ओळखले जातात. प्रत्येक फोटोवर आजाराची पायरी लिहिलेली आहे :

आजार नाही – १६८
सौम्य – २५
मध्यम – १६८
तीव्र – ९३
अतितीव्र – ६२

सौम्य पायरीचे फोटो फक्त २५! आणि शुगर, बीपी ताब्यात आणून नजर वाचवण्याची सर्वांत चांगली संधी याच पायरीवर असते. दवाखान्यात जमा होणाऱ्या फोटोंत अशी तफावत नेहमी दिसते, कारण काहीच त्रास नसलेला माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

९५ टक्के बरोबर, तरी नापास

समजा, एक आळशी मशीन कुठलाही फोटो पाहून "हा सौम्य नाही" एवढंच म्हणतं. ५१६ पैकी ४९१ वेळा ते बरोबर ठरेल, म्हणजे ९५ टक्के! पण सौम्य आजाराचे पंचवीसच्या पंचवीस डोळे त्याने सोडून दिले. म्हणून "मशीन किती टक्के बरोबर?" एवढं विचारून भागत नाही. "आजारी असलेल्यांपैकी किती जण पकडले?" हे विचारायचं.

थोड्या फोटोंचे जास्त फोटो

या ५१६ पैकी ४१३ फोटो शिकवणीसाठी आणि १०३ परीक्षेसाठी ठेवले आहेत. शिकवणीत सौम्य पायरीचे फक्त २० येतात. तेवढ्यावर मशीन शिकणार कसं? म्हणून त्या फोटोंची वेगवेगळी रूपं तयार करतात : थोडा फिरवलेला, आरशात दिसतो तसा उलटा, थोडा उजळ, थोडा अंधारा, थोडा जवळून. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला एकच जखम दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि बाजूने दाखवावी, तसंच हे.

पण यात पथ्यं आहेत.

पहिलं, फोटोचा अर्थ बदलता कामा नये. डोळ्याचा फोटो आरशासारखा उलटवला तर उजवा डोळा डाव्यासारखा दिसतो, एवढंच. छातीचा एक्स-रे उलटवला तर मात्र हृदय उजवीकडे जातं! रंगही फार बदलायचे नाहीत, कारण लाल डाग रक्तस्रावाचे आणि पिवळसर डाग झिरपलेल्या चरबीचे असतात. सौम्य पायरीची खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. फोटो फार लहान किंवा धूसर केला तर ठिपकेच पुसले जातात आणि आजारी डोळा निरोगी दिसू लागतो.

दुसरं, अशी रूपं फक्त शिकवणीत वापरायची. एकाच फोटोचं एक रूप शिकवणीत आणि दुसरं परीक्षेत आलं, तर तो पेपर फुटल्यासारखाच प्रकार. मार्क भरपूर, ज्ञान थोडं.

तिसरं, वीस फोटोंचे दोनशे केले तरी मुळात ते वीसच. मोतीबिंदूमुळे धूसर आलेला फोटो किंवा वेगळ्या कॅमेऱ्याचा फोटो त्यात नसेल, तर मशीनने तो पाहिलेलाच नाही. ज्या वस्तीतली माणसं तपासणीला जातच नाहीत, त्यांचे डोळे मशीनला कुठून माहीत असणार? ती उणीव फोटो फिरवून भरून निघत नाही.

आपण काय करायचं?

• शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी करून घ्या, नीट दिसत असलं तरी. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणाला तरी न्या. गाडी चालवू नका.
• तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात शुगर-बीपी तपासून घ्यावं.
• शिबिरात मशीन असेल तर विचारा : आजारी असलेल्यांपैकी किती पकडतं? फोटो नीट आला नाही तर पुढे काय? शेवटी डॉक्टर पाहणार का?
• आपला फोटो मशीनच्या शिकवणीसाठी वापरणार असतील, तर आधी सांगून संमती घ्यायला हवी. आपण नाही म्हटलं तरी उपचार मिळालाच पाहिजे.
• मशीनने "ठीक" म्हटलं, पण डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात किंवा अचानक कमी दिसतं, तर थांबू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.