वाद्य कुणाचं? मैफलीतली चोरी आणि आपली राखण

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण गिटारवादकाने विचारलं होतं, ‘सर, कार्यक्रमात वाद्य चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं?’ तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हा कसला प्रश्न, म्हणून काही जण हसले. आम्ही हसलो नाही. त्याचं कारण आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी इथेच, नागपुरात, आम्ही एक छोटी मैफल ठरवली होती. तबल्याला एक होतकरू मुलगा होता. कार्यक्रम संपला, लोक भेटायला स्टेजवर चढले, चहा आला. अर्ध्या तासाने पाहतो तर त्याचा डग्गा जागेवर नाही. तांब्याचा होता, आजोबांच्या वेळचा. मुलाला वाटलं, आयोजकांनी आत नेला. आम्हाला वाटलं, त्याने आवरला. तक्रार द्यायला गेलो तेव्हा साधा प्रश्न आला : सापडला तर ओळखायचा कसा? फोटो नाही, पावती नाही, खूण नाही. ‘वाजवून ओळखीन,’ मुलगा म्हणाला. डग्गा सापडलाच नाही. आम्ही त्याला नवा घेऊन दिला, पण घेताना त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

आता थोडं तत्त्वज्ञान, बरं का. सोळाव्या शतकातले नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी ‘स्वत्व’ म्हणजे मालकी हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. का? डग्ग्याचा रंग दिसतो, वजन कळतं, नाद ऐकू येतो. पण ‘हा माझा आहे’ हे डग्ग्यात कुठेच दिसत नाही. चोर वस्तू नेतो, स्वत्व नेऊ शकत नाही. पण ते दाखवता आलं नाही, तर व्यवहारात गेल्यासारखंच. म्हणून राखणीची दोन कामं : वस्तू सांभाळणं, आणि मालकीचा पुरावा सांभाळणं.

पहिलं काम कुठे चुकतं? २८ फेब्रुवारी १९३६ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ब्रोनिस्लाव हुबरमन दुसरं व्हायोलिन वाजवत होते आणि त्यांचं स्ट्रॅडिव्हेरियस मागे खोलीत होतं. तिथून ते गेलं. ज्युलियन आल्टमन नावाच्या वादकाने ते जवळजवळ पन्नास वर्षं वाजवलं, आणि १९८५ मध्ये मरणाच्या दारात बायकोला खरं सांगितलं. हुबरमन १९४७ मध्येच वारले होते. म्हणजे बघा, जगप्रसिद्ध सभागृह असो की आपल्या गल्लीतला मांडव, धोका एकाच जागी असतो : जिथे सगळ्यांना वाटतं की दुसरा कुणीतरी बघतोय.

चोराला वाद्य हवं असतंच असंही नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनया डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीत घरातून चोरीला गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये तपास लागला तेव्हा चांदी वितळवलेली होती. आमचा डग्गाही बहुधा तांब्याच्या भावानेच गेला असावा. म्हणून धातूचं वाद्य असेल तर वाद्यांच्या दुकानांइतकीच भांड्यांच्या आणि भंगाराच्या दुकानांतही लगेच वर्दी द्यावी.

मग करायचं काय? कार्यक्रमाआधी एका माणसाचं नाव ठरवा. त्याने त्या दिवशी वाजवायचं नाही, गायचं नाही, सत्कारही घ्यायचा नाही. गाडीतून उतरवताना नग मोजायचे, चढवताना पुन्हा मोजायचे. साउंड चेक आणि कार्यक्रम यांमधला वेळ, मध्यंतर, आणि शेवटची भेटीगाठींची गर्दी, या तीन वेळा डोळ्यांत तेल घालून बसायचं. भेटायला येणाऱ्यांना स्टेजखाली भेटा. वाद्य आधी पेटीत, मग नमस्कार. ग्रीन रूमची किल्ली एकाकडेच. रात्री गाडीत वाद्य सोडू नका. रेल्वेत साखळी-कुलूप लावा.

दुसरं काम घरी, आजच करायचं. वाद्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चरे, डाग, दुरुस्तीच्या जागा जवळून घ्या. गिटारचा, कीबोर्डचा क्रमांक लिहून ठेवा. आपली मिरजेची सतार, तंबोरा हाताने घडवलेले; त्यांना कारखान्याचा क्रमांक नसतो, पण प्रत्येक भोपळा वेगळा असतो. त्याचा फोटो हीच त्याची ओळख. हार्मोनियमच्या आत, तबल्याच्या खोडाच्या तळाशी बारीक खूण करा. पावती हरवली असेल तर कारागिराकडून लिहून घ्या. वाद्य महाग असेल तर विमा घ्या, पण प्रवासात आणि कार्यक्रमस्थळी तो लागू आहे का, हे आधी वाचा.

आणि एवढं करूनही गेलंच, तर उद्यावर टाकू नका. परगावी चोरी झाली, तरी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवता येते. नोंदीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

कुणी म्हणेल, एवढा संशय घेतला तर मैफलीची मजा काय राहिली? आम्हाला उलट वाटतं. आपल्याकडे ‘अस्तेय’ हा यम सांगितला आहे, तो चोरी न करणाऱ्यासाठी. पण ज्याने विश्वासाने वाद्य आपल्या मांडवात आणलं, त्याच्यासाठी आपलंही काही देणं लागतं. त्या मैफलीनंतर कुठलाही कार्यक्रम असो, आम्ही आधी एकच विचारतो : आज राखण कुणाकडे? नाव कळल्याशिवाय पडदा उघडू देत नाही.