मोटारीचा धूर कसा मोजितात?

कल्याणहून शिळफाट्याकडे निघालेली मोटार क्षणभर धांवते, थांबते, पुन्हां वेग घेते. ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरही कोंडीच्या वेळीं हाच प्रकार. धुराचें प्रमाण केवळ अंतरावर नव्हे, तर चालविण्याच्या या रीतीवरही अवलंबून असतें. वेग वाढवितांना इंधन अधिक लागतें. आणि उभ्या गाडीचें इंजिन चालू राहिल्यास एक पाऊलही न सरकतां तें जळत राहतें.

म्हणून शास्त्रज्ञ रस्त्यावरील गाड्यांचा दर सेकंदाचा वेग टिपून त्यावरून नमुन्याचें ‘चालन-चक्र’ रचितात. प्रयोगशाळेंत फिरत्या रुळांवर गाडी त्याप्रमाणें चालवून तिचा धूर मोजितात. जुनें भारतीय चक्र १०८ सेकंदांचें असून त्यांतील कमाल वेग ताशीं ४२ किलोमीटर होता.

परंतु प्रयोगशाळा म्हणजे रस्ता नव्हे. फोक्सवॅगनच्या कांहीं डिझेल मोटारी परीक्षेंत स्वच्छ, पण रस्त्यावर मलिन असल्याचें २०१५ सालीं अमेरिकेंत उघड झालें. आपल्या देशांत एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींस मापकयंत्र जोडून प्रत्यक्ष रस्त्यावरही परीक्षा घेण्याचा नियम लागू झाला.

यावरून पालकांनीं व आम्ही सर्वांनीं एक बोध घ्यावा : शाळेच्या दाराशीं वाट पाहतांना इंजिन बंद ठेवावें. त्या धुरांत श्वास मुलांचाच असतो.