सूतिकेच्या पाठीत अचानक उठणारा शूल

प्रसूतीनंतर पाठ व कंबर दुखते, ही तक्रार आपल्या चिकित्सालयात नित्याची आहे. अभ्यंग, शेक व दशमूलारिष्ट यांनी बहुतेक बाळंतिणींना आराम पडतो, हा आपणा सर्वांचा अनुभव. परंतु याच तक्रारीआड एखादे वेळी प्राणघातक व्याधी दडलेली असते आणि परिचयामुळेच ती नजरेतून निसटते. महाधमनी-विदारण, म्हणजेच एओर्टिक डिसेक्शन, ही ती व्याधी होय.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची भित्ती तीन थरांची असते. आतील थर फाटला की रक्त दाबाने मधल्या थरात शिरते व भित्ती उभी चिरत जाते. हृदयालगतच्या भागात विदारण होऊन शस्त्रक्रिया न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत मृत्यूची शक्यता दर तासाला सुमारे १ ते २ टक्क्यांनी वाढते, असे मानले जाते.

गर्भावस्थेत रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयावरील भार वाढतो आणि संप्रेरकांच्या प्रभावाने धमनीभित्तीची बांधणी बदलते. अमेरिकेतील सुमारे ४९ लाख स्त्रियांच्या गर्भारपणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गर्भावस्था व प्रसूतीनंतरचे १२ आठवडे या काळात महाधमनी चिरण्याचे वा फुटण्याचे प्रमाण दहा लाखांमागे ५.५ आढळले, त्याच स्त्रियांत वर्षानंतरच्या तेवढ्याच काळात ते १.४ होते. व्याधी विरळ आहे, पण जोखीम चौपट आहे. सुश्रुतसंहितेत सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगितला आहे. ही जोखीम त्यापुढेही राहते, हे ध्यानी घ्यावे.

विशेष सावधगिरी कोणाबाबत बाळगावी? मार्फन सिंड्रोमची लक्षणे असलेली, म्हणजे उंच, सडपातळ, लांब बोटांची स्त्री. टर्नर सिंड्रोम वा महाधमनीची द्विदल झडप असलेली स्त्री. उच्च रक्तदाबाची गर्भिणी. तसेच जिच्या कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे अशी स्त्री. अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीच इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी, असा सल्ला आपण आवर्जून द्यावा. मात्र यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या स्त्रीलाही हा विकार होऊ शकतो.

मक्कल्लशूल मुख्यत्वे नाभीखाली, बस्ती व उदरात असतो. विदारणाचा शूल छातीत वा दोन्ही खांद्यांच्या मध्ये क्षणात उठतो व आरंभापासूनच तीव्रतम असतो. चिरल्यासारख्या वेदना, घाम, मूर्च्छा, एका हाताची नाडी क्षीण लागणे, दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक, हातापायांत अचानक दुर्बलता, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास शंका घ्यावी. चिन्हे नसली तरी केवळ असा शूल पुरेसा आहे. ईसीजी सामान्य आला म्हणून निर्धास्त राहू नये. निदान सीटी अँजिओग्राफीसारख्या तपासणीनेच होते.

अशा वेळी वातप्रकोप वा अम्लपित्त समजून अभ्यंग, स्वेदन, बस्ती वा विरेचन यांत वेळ दवडू नये. रुग्णेला चालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयास दूरध्वनी करावा आणि शूलाची वेळ, प्रसूतीचा दिनांक व दोन्ही हातांचा रक्तदाब चिठ्ठीवर लिहून द्यावा.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. बाळंतिणीसाठी वेदनाशामक मागायला आलेल्या नातलगास दुखणे कधी व कसे सुरू झाले, एवढे अवश्य विचारावे. ज्येष्ठमधाच्या दीर्घ व अधिक मात्रेतील सेवनाने रक्तदाब वाढू शकतो. तेव्हा रक्तदाब असलेल्या गर्भिणीस वा सूतिकेस ते वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नये.

बाळंतीण घरी असते आणि तिचे दुखणे प्रथम ऐकतो तो बहुधा आपणच. योग्य वेळी तिला पुढे पाठविणे हीदेखील चिकित्साच होय, असे आम्ही मानतो.