सोनेरी रंगाचा ब्रश जपा, कष्टाचा पैसा वाचवा

सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी लहान मूर्तींची दुकाने लागतात. वीतभर उंचीची भगवान बुद्धांची ध्यानस्थ मूर्ती, निळ्या कोटातला बाबासाहेबांचा अर्धपुतळा, हाती संविधान घेतलेला छोटा पुतळा. माणसे श्रद्धेने घेतात आणि घरात मानाच्या जागी ठेवतात. पण साच्यातून निघालेल्या मूर्तीला हाताने रंग द्यावा लागतो, आणि हे काम घरी बसून करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी आहेत. मजुरी नगावर मिळते. ब्रश मात्र बहुधा पदरचा असतो. म्हणून ब्रशाचा प्रश्न हा आम्ही पोटाचा प्रश्न समजतो.

सर्वांत जास्त ब्रश खराब होतात ते सोनेरी, चंदेरी आणि तांबूस रंगांनी. कारण समजून घ्या. बाजारातल्या सोनेरी रंगात सोने नसते. तेलाच्या रंगात तांबे आणि जस्त यांच्या मिश्र धातूची भुकटी असते, चंदेरीत ॲल्युमिनियमची. पाण्यात मिसळणाऱ्या रंगात बहुतेक वेळा अभ्रकाचे चकचकीत कण असतात. हे कण चपटे, पापुद्र्यासारखे असतात. ते रंगात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाला बसतात. ब्रशाचे केस जिथे पत्र्याच्या नळीत बसवलेले असतात तिथे हे कण शिरले, की रंग वाळून गाठ होते, केस फाकतात आणि टोक जाते. टोक गेलेल्या ब्रशाने बाबासाहेबांच्या चष्म्याची बारीक कड कशी रेखायची?

दुसरे नुकसान डोळ्यांना उशिरा दिसते. सोनेरी ब्रश धुतलेल्या पाण्यातच निळ्या रंगाचा ब्रश बुडवला, तर कोटावर सोनेरी ठिपके चमकतात. मग दुकानदार नग परत करतो आणि मजुरी कापली जाते.

काम करताना

सोनेरी रंगासाठी ब्रश वेगळा ठेवा आणि धुण्याचे भांडेही वेगळे ठेवा. दांड्याला दोरा बांधला की घरातली मुलेही ओळखतील. डबीतला रंग ब्रशाने ढवळू नका. काडीने तळापासून ढवळा आणि लागेल तेवढाच बशीत घ्या. ब्रश आधी पाण्यात बुडवून फडक्यावर टिपून घ्या. रंग तेलाचा असेल तर पाण्याऐवजी टर्पेंटाइनमध्ये बुडवा. केस आधीच ओले असले की रंग वर चढत नाही. केसांच्या अर्ध्यापर्यंतच रंग घ्या, नळीला लागू देऊ नका. पाण्याचा रंग एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने ब्रश खळबळून घ्या. जमेल तिथे आधी बाकीचे सर्व रंग उरका आणि सोनेरी शेवटी द्या.

काम संपल्यावर

आधी फडक्यावर पुसा, मग धुवा. तळहातावर अंगाचा साबण घेऊन ब्रश हलकेच फिरवा. फेसात चमक दिसते तोवर पुन्हा धुवा. पाणी गरम नको. नळीतला डिंक सुटतो. तेलाचा रंग असेल तर आधी टर्पेंटाइनमध्ये, नंतर साबणाने. ब्रश रात्रभर पेल्यात केसांवर उभा ठेवणे ही फार वाईट सवय; टोक वाकते ते वाकतेच. बोटांनी टोक जुळवून ब्रश आडवा वाळवा. पुरता वाळल्यावर केस वर करून डब्यात ठेवा.

येथे बीकॉमचा हिशेब मांडतो. समजा, ६० रुपयांचा ब्रश निष्काळजीपणाने १५ दिवसांत गेला आणि तोच जपून वापरला तर दोन महिने टिकला. दोन महिन्यांत चार ब्रशांचे २४० रुपये जातील की एकाचे ६०? वाचलेले १८० रुपये मुलांच्या वह्यांना होतात. जुना ब्रशही फेकू नका. नवा डोळ्यांना आणि चष्म्याला, जरा झिजलेला कोटाला, त्याहून झिजलेला सोनेरीला.

ब्रश तोंडात घालू नका

टोक जुळवण्यासाठी ब्रश ओठांत धरण्याची सवय अनेकांना असते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी १९१७ पासून कामगार मुली घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावत. टोक ओठांनी करा, काही होत नाही, असे त्यांना शिकवले होते. त्यांचे जबडे सडले, हाडे मोडली, कित्येक जणी मेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली मालकाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. आपल्या रंगात रेडियम नाही हे खरे. पण धातूची भुकटीही पोटात जाण्याची वस्तू नव्हे. मालक ‘काही होत नाही’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नये, हा धडा त्या मुलींनी जीव देऊन शिकवला आहे. सुकी भुकटी कालवताना तोंडाला रुमाल बांधा, खिडकी उघडा. ॲल्युमिनियमची भुकटी आणि थिनर दोन्ही पेट घेतात. चूल, स्टोव्ह, उदबत्ती दूर ठेवा.

केस कोणाचे?

सोनेरी रंगाला नायलॉनचा ब्रश पुरतो. हे कण केस घासतात, तेव्हा महाग ब्रश त्यात झिजवू नये. आणि दुकानदाराने मुंगसाच्या केसांचा ब्रश पुढे केला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि त्या केसांसाठी मुंगूस मारले जाते. ज्यांनी प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील दिले, त्या तथागतांची मूर्ती मारलेल्या जीवाच्या केसांनी रंगवायची काय? उपासक-उपासिकांनी याचे उत्तर स्वतःलाच द्यावे.

यंदाच्या मोसमाचे काम घरात येईल तेव्हा पहिल्याच दिवशी दोन भांडी मांडा, एक सोनेरीचे आणि एक बाकी रंगांचे. शेजारच्या भगिनीलाही तसे सांगा. जयभीम.