जुन्या फोनसाठी जुनाच कंपायलर? मुळीच नाही

जालन्यात ॲप बनवणाऱ्या पोरांकडून एक वाक्य सारखं ऐकू येतं : "सर, गावाकडचे फोन जुने, म्हणून कंपायलरही जुनाच ठेवलाय." मोसंबीच्या बागेचा हिशोब असो की रेशीम कोशांचे भाव, कारण हेच. काळजी रास्त आहे. १५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून बांधावरच्या फोनचा संबंध थेट सातबाऱ्याशी आला. तो फोन वगळून ॲप करणं चूकच. पण त्यासाठी कंपायलर जुना लागतो, हे साफ खोटं आहे!

कंपायलर कोणत्या साली निघाला आणि ॲप कोणत्या अँड्रॉइडपर्यंत चालेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट किमान एपीआय पातळीवर ठरते आणि ती आपणच नेमून देतो. गूगलच्या एनडीकेची (अँड्रॉइडसाठी सी/सी++ कोड बिल्ड करायच्या साधनसंचाची) २६वी आवृत्ती २०२३ची, तरी ती एपीआय २१साठी, म्हणजे २०१४च्या अँड्रॉइड ५.०साठी बिल्ड करून देते. त्याहून जुना ४.४ हवा असेल तर २५वी आवृत्ती आहे. तारखा-वेळांसाठीचे जावाचे नवे वर्गही डीशुगरिंगमुळे, म्हणजे बिल्ड करतानाच नवा कोड जुन्या फोनला पेलेल असा बदलल्यामुळे, जुन्या फोनवर चालतात.

मग हा समज टिकतो कसा? कुणीतरी बाहेरची तयार एसओ फाइल, म्हणजे आधीच कंपाइल झालेली सी/सी++ लायब्ररी, उचलतो. ती बनवणाऱ्याने किमान पातळी २४ धरलेली असते आणि आत getifaddrs हे फंक्शन वापरलेलं असतं. ते अँड्रॉइड ७.०च्या आधी नव्हतंच. बिल्ड बिनतक्रार होतं आणि ५.१च्या फोनवर लायब्ररी लोड होतानाच ॲप कोसळतं. एएआर पॅकेज असतं तर त्यात किमान पातळी लिहिलेली असते, बिल्डच अडलं असतं. सुट्या एसओमध्ये तशी अडवणूक नाही. मग जुन्या कंपायलरने बनलेली जुनी एसओ टाकली की चालतं, आणि श्रेय कंपायलरला जातं. दोष किमान पातळीचा होता हो!

जुन्याला चिकटण्याची किंमतही मोठी आहे. एनडीकेच्या १८व्या आवृत्तीत, २०१८ साली, जीसीसी हा जुना कंपायलर गेला आणि त्याची सी++ लायब्ररीही गेली. जुन्या आणि नव्या लायब्ररीत स्ट्रिंगचं लिंकरला दिसणारं नावच वेगळं, त्यामुळे लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून थांबतो. सोर्स मिळवा, नव्या एनडीकेने किमान पातळी २१ ठेवून पुन्हा बिल्ड करा. सोर्स मिळतच नसेल तर ती लायब्ररी सोडा, किंवा तिचा निव्वळ सी इंटरफेस असेल तरच वापरा.

आणखी काही समज. "३२-बिट एसओ पुरते" : १ ऑगस्ट २०१९पासून प्ले स्टोअरला ६४-बिटही लागते. "कॉटलिनची लायब्ररी कोणत्याही कॉटलिनला चालते" : कंपायलर साधारणपणे स्वतःपेक्षा एकच आवृत्ती पुढचं वाचतो. "फोन अपडेट झाला की ॲपमधली लायब्ररीही सुधारते" : नाही. सप्टेंबर २०२३मध्ये लिबवेबपीत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा ती लायब्ररी पोटात असलेलं प्रत्येक ॲप वेगळं दुरुस्त करावं लागलं. "ओपन सोर्स म्हणजे अटी नाहीत" : जीपीएल वाचा, मग ॲप विका.